तिकीटवालीची काडेपेटी

मित्रांनो, मला असं उताणं पडलेलं पाहून दचकू नका. मी मेलेलो नाही, नुसता दमलोय. मी एक माउस आहे. जुना, शेपटीवाला, पोटात रबराची गोळी असलेला. आताच्या माउसांच्या पोटात लाल दिवा असतो आणि त्यांना शेपूट नसते, त्यामुळे ते सारखे हरवतात. मी कधी हरवलो नाही. बांधलेलाच होतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझी दोन्ही बटणं वाजतात की नाही एवढं एका बाईंनी तपासलं आणि मला खोक्यात घातलं. माझं सगळं शिक्षण तेवढंच.

ज्या घरात मी आलो, तिथे आई कपडे शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन, त्याला लागूनच कॉम्प्युटरचं टेबल. कॉम्प्युटर मुलांच्या अभ्यासासाठी आणला होता. सगळ्याच घरांत तो अभ्यासासाठी आणतात. पहिल्याच आठवड्यात ताईने मैत्रिणीकडून एक खेळ आणला, आणि माझ्या नशिबी खरी मजुरी आली.

त्या खेळात गोळीबार नव्हता, पळापळ नव्हती. पडद्यावर एक चित्र यायचं. त्यात कुठे काय आहे ते शोधायचं, सापडेल ते उचलून पिशवीत टाकायचं, आणि पुढे अडलं की पिशवीतली वस्तू कशाला तरी लावून बघायची. तुम्हाला हे सोपं वाटेल. मला विचारा. चित्राचा कानाकोपरा चाचपायला मीच असायचो.

आणि एक सांगू का? ज्या खेळापायी मी आयुष्यभर झिजलो, तो मी कधी पाहिला नाही. माझं तोंड जन्मभर टेबलाकडे. जे काही कळलं ते कानांनी, आणि पाठीवरच्या हातामुळे.

गोष्ट अशी होती. एका बेटावर दीपगृह, त्यातला दिवा विझलेला. बाहेर समुद्रात एक जहाज अंधारात किनारा शोधत थांबलेलं, आणि त्यावर एका खलाशाचा धाकटा भाऊ. खलाशाने होडीने बेटावर जायचं आणि दिवा पेटवायचा, म्हणजे जहाज आत येणार.

मी ताईच्या हातात असायचो. तिचा धाकटा भाऊ शेजारी बसून हुकूम सोडायचा. आई शिवता शिवता ऐकायची. मला खेळात रस नाही, असं ती रोज सांगायची, आणि महत्त्वाच्या जागी मशीन थांबवायची.

होडीच्या धक्क्यावर तिकिटाची खिडकी होती. खिडकीत एक बाई, आणि बाईसमोर काडेपेटी.

"उचल," धाकटा म्हणाला.

मशीन थांबलं. "कुणाची आहे ती?"

"तिकीटवालीची."

"मग राहू दे. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

ताईने त्या बाईला विचारायचा प्रयत्न केला. "आई, ही नुसत्या होडीच्या वेळा सांगते."

"मग नाही म्हणाली असं समज."

झालं. खलाशी होडीत बसला. ती होडी परत येणारी नव्हती. खेळ जिथवर झाला असेल तिथवर साठवून ठेवायची सोय होती, त्यासाठी बऱ्याच जागा होत्या. पण आईचं म्हणणं, पसारा करू नका, एकाच जागी ठेवा म्हणजे सापडतं. त्यामुळे मुलं दर वेळी आधीचं पुसून त्यावरच नवं ठेवायची. मागे जायची वाट अशी टापटिपीने बंद झाली.

बेटावर त्यांना तेल मिळालं, वात मिळाली, दिव्याची काच मिळाली. एक मासाही मिळाला. पेटवायला मात्र काही मिळेना. काडेपेटी लागणार हे त्यांना कळत होतं, पण ती बेटावरच कुठेतरी आपल्यासाठी ठेवलेली असणार, अशी त्यांची खात्री होती. बिनमालकाची. वळण लागलेल्या मुलांना जगाबद्दल अशा खात्र्या असतात.

"मासा लाव दिव्याला."

"मासा? कशाला?"

"लावून तर बघ."

लावला. खलाशाने मान हलवली. मग मासा दाराला लावला, जिन्याला लावला, वात माशाला लावली. बेटावरचा दगड न् दगड माझ्याकडून चाचपून घेतला. मशीनवरच्या कापडाचे तंतू माझ्या पोटात जाऊन चाकांना गुंडाळले जात, आणि मी अडायचो.

"हा मुद्दाम करतो," धाकटा मला टेबलावर आपटत म्हणायचा.

तेव्हा आई मला उताणं करायची, गोळी काढून पदराने पुसायची आणि सुईच्या टोकाने एकेक तंतू ओढून काढायची. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेच. "त्याला मारून काय होणार आहे? बिचारा दोऱ्याने अडलाय."

मग ताईची परीक्षा आली, पाठोपाठ धाकट्याची. कॉम्प्युटरवर उशीचा जुना अभ्रा चढला. माझ्या गळ्याभोवती माझीच शेपूट गुंडाळून मला खणात टाकलं. तिथे मी, एक तुटका चष्मा आणि कुठल्याच कुलपाची नसलेली एक किल्ली, असा आमचा संसार वर्षानुवर्षं चालला. मधूनच कुणी खण उघडायचं, "इथे नाही," म्हणायचं आणि लावायचं.

बाहेर ताई औषधांच्या दुकानात लागली, धाकटा लिफ्ट दुरुस्त करायला लागला. शिलाई मशीनचा आवाज कमी होत गेला आणि एक दिवस बंदच पडला. आईची नजर अधू होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, आणि आहे तीही फार दिवस टिकेल असं नाही.

मुलं दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता शोधायला लागली. तेव्हा आईच म्हणाली, "त्या जहाजाचं काय झालं रे?"

"कुठल्या?"

"तुमच्या खेळातल्या. त्या खलाशाचा भाऊ अजून बाहेरच आहे ना? एकदा आत आलेला बघितला असता. दिसतंय तोवर."

मग खण उघडला, आणि या वेळी कुणी "इथे नाही," म्हणालं नाही.

कॉम्प्युटर कण्हत कुथत का होईना, सुरू झाला. खेळ एकाच जागी ठेवलेला होता, त्यामुळे सापडला. तेल, वात, काच. मासासुद्धा होता.

"काडेपेटी," धाकटा म्हणाला. "लहानपणी सगळं बेट पालथं घातलं आपण. मग ही असेल कुठे?"

"तिकिटाच्या खिडकीत होती की," आई खुर्चीतून म्हणाली.

"आई! तूच नको म्हणालीस तेव्हा!"

"मग? दुसऱ्याची उचलायची?"

ताई इतकी हसली की तिचा हात माझ्या पाठीवर थरथरायला लागला. मला काही हसू आलं नाही. याचा अर्थ मला केव्हाच कळला होता. आता सगळं पहिल्यापासून. तोच धक्का, तीच होडी, तेच जिने. माझी चाकं झिजलेली, डावं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नव्हतं. पण दुसरा माउस या कॉम्प्युटरला बसत नव्हता.

दुकानातून आल्यावर ताई रोज बसायची. धाकटा कामाचे कपडे न बदलताच शेजारी बसून हुकूम सोडायचा. आई खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ ओढून घ्यायची. रोज कालच्यापेक्षा थोडी पुढे ओढल्याचा आवाज यायचा. तो मोजायचा नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं.

तिकिटाच्या खिडकीपाशी ताईचा हात थांबला. "आई, घेऊ?"

ताईने एकदा बाईला विचारूनही पाहिलं. बाईने होडीच्या वेळा सांगितल्या.

"बाजूला सर," आई म्हणाली. आणि माझ्या पाठीवर तो हात आला, ज्याने मला कायम फक्त पोटाकडून धरलं होतं. बोटं सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली. "मीच घेते. तुमच्या माथी नको."

मित्रांनो, माझं डावं बटण त्या दिवशी एका दाबात वाजलं. कसं ते मला विचारू नका.

पुढची वाट मुलांना पाठ होती. दिव्यापाशी पोचल्यावर त्यांनी मला पुन्हा आईकडे दिलं. काडी तिने ओढली. मी टेबलाकडे तोंड करून होतो, नेहमीसारखा. उजेड मला दिसला नाही. पण पाठीवरचा हात एकदम थांबला आणि बराच वेळ तिथेच राहिला, कुणी काही न दाबता. तेव्हा मला कळलं की दिवा लागलाय.

"येतंय का ग?" ताईने हळूच विचारलं.

"येतंय. भाऊ बघ, पुढेच उभा आहे." मग, "चला, आता तिची काडेपेटी देऊन या."

"आई, खेळ संपला."

"संपला म्हणजे? ती बाई चूल कशाने पेटवेल?"

धाकट्याने बरंच समजावलं. होडी परत जात नाही, खेळ बनवणाऱ्यांची नावं सुरू झाली, गोष्ट संपली. आईला पटलं नाही. काल तिने मला उताणं केलं, गोळी काढली, आणि नखाने चाचपत, कारण सुई आता तिला दिसत नाही, एकेक तंतू काढला. उद्या खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचाय आणि परत करायची काही वाट निघते का ते बघायचंय, असं ठरलंय. ताई म्हणाली, वाट नाहीये. धाकटा म्हणाला, मासा देऊन बघू तिला.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या खणात माझ्यासारखा कुणी पडलेला असेल. त्याला आपटू नका. त्याचं पोट उघडून बघा, दोरा अडकलेला असतो. आणि दुसऱ्याची वस्तू उचलू नका. उचलावीच लागली, तर ती परत करायला कुणीतरी रोज खुर्ची ओढून बसेल, अशा घरात उचला. मी आता जरा पडतो. उद्या धक्क्यापासून चालायचंय.