प्रश्न चौदा, पर्याय क

डाव्या पायाची एक चप्पल, निळ्या पट्ट्याची.

काळे हेडफोन, एका कानाचा स्पंज फाटलेला.

"तुम्ही अजून शिकत आहात का?" खाली हिरवं बटण.

चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. शंभर.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या माणसाची बोटं कायम पांढुरकी असतात, धुतली तरी.

*

आता हे सगळं एका पोलीस ठाण्यात कसं गोळा झालं ते ऐका.

वरून हुकूम आला की प्रत्येक पोलिसाने संगणकासमोर बसून बारा तासांचा अभ्यासक्रम पुरा करायचा. नाव झोकदार होतं: 'संवेदनशील बळवापर'. त्यातल्या चित्रफितींमध्ये कडक इस्त्रीतले सडपातळ पोलीस तितक्याच कडक इस्त्रीतल्या दंगेखोराला, आजारी आत्याला गाडीतून उतरवावं तसं, अलगद जमिनीवर टेकवत. दर दहा मिनिटांनी पडदा थांबून विचारी, तुम्ही अजून शिकत आहात का? बटण दाबलं नाही की गाडी पुन्हा पहिल्या धड्यावर.

ठाण्यात माणसं चव्वेचाळीस आणि धड चालणारा संगणक एक. साहेबांनी डोकं चालवलं. म्हणजे नेहमीप्रमाणे दुसऱ्याचं चालवायला घेतलं.

"सगळे इथे शिकत बसले तर रस्त्यावर कोण जाणार? मी?" ते चोपन्न वर्षांच्या हवालदाराला म्हणाले. "तुझा गुडघा दुखतो, टायपिंग चांगलं आहे. बस तू. सगळ्यांचं उरकून टाक."

त्या दिवसापासून हवालदाराचं नाव पडलं विद्यार्थी.

"काय विद्यार्थी, आज कोणाचा पेपर?"

"तुझा. नापास करू?"

"करा की. घरी रोज होतोच."

विद्यार्थी कामाचा पक्का. सगळ्यांना सारखे गुण दिले तर वर संशय येईल, म्हणून त्याने दर्जा पाहून वाटप केलं. साहेब अठ्ठ्याण्णव, फौजदार ब्याण्णव, शिपाई चौऱ्याऐंशी. चुकाही पदाला शोभतील अशाच. शिपायांचा चुकवायचा प्रश्न त्याने कायमचा ठरवून टाकला होता:

*प्रश्न १४. पालथं पाडून हातकड्या घातलेल्या माणसाची धडपड अचानक थांबली. तुम्ही प्रथम काय कराल?*
*अ) पकड तशीच ठेवाल.*
*ब) वरिष्ठांना कळवाल.*
*क) पाठीवरचा भार काढून त्याला लगेच कुशीवर वळवाल व श्वास तपासाल.*
*ड) वरीलपैकी सर्व.*

शिपायांसाठी तो 'ब' दाबी. चूक, पण आज्ञाधारक चूक. वाचून वरच्यांनाही बरं वाटेल अशी.

एकच शिपाई या वाटपात बसेना. तो विद्यार्थ्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा; त्यामुळे सगळं ठाणं त्याला जावईबापू म्हणे.

"दादा, मला पैकीच्या पैकी द्या हं. शाळेत एकदाही मिळाले नाहीत."

"शाळेत स्वतःचा पेपर स्वतः लिहायचास ना, म्हणून."

पण बहिणीच्या घराचा मान होता. दिले शंभर. सर्टिफिकेट बहिणीने काच लावून बाहेरच्या खोलीत टांगलं.

*

ज्या दिवशी जावईबापूचा पेपर चालू होता, त्याच सकाळी चौकात एक माणूस गाड्या अडवत होता. चष्म्याच्या काचा घासणारा कारागीर. आठ दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या. प्रत्येक गाडीच्या दिव्यावर शर्टाची बाही घासून तो ओरडे, "ओरखडे पडलेत! तुम्हाला कोणालाच नीट दिसत नाहीये!"

खोटं काही बोलत नव्हता.

तीन शिपायांनी त्याला ठाण्यात आणलं. येताना एक चप्पल वाटेत कुठेतरी पडली. मधल्या खोलीत त्याला पालथं पाडलं, हात मागे बांधले, आणि जावईबापूने पाठीवर गुडघा दिला. माणूस बराच वेळ ओरडला, मग कण्हला, मग थांबला.

"झाला शांत," जावईबापू म्हणाला, आणि गुडघा तसाच ठेवला. तिघांनाही काम फत्ते झाल्यासारखं वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि घड्याळात बघून वेळ लिहिली.

*

चौकशीला बाहेरचे अधिकारी आले. चेहऱ्यावर न्याय, हातात तीन सर्टिफिकेटं. पहिल्या दोन शिपायांचा प्रश्न चौदा चुकलेला. शेरा: ज्ञानाचा अभाव, पुन्हा प्रशिक्षण द्यावे. तिसऱ्याचा बरोबर. शेरा: पूर्ण ज्ञान असूनही कृती, गुन्हा नोंदवावा.

या खात्यात अडाणी असणं हा आजार आहे आणि शहाणं असणं हा पुरावा. जावईबापू आयुष्यात पहिल्यांदा शहाणा ठरला होता, तोही तुरुंगात जाण्यापुरता.

दुपारी बहीण आली ती फ्रेम घेऊनच. विद्यार्थ्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी तिने ती ठेवली.

"हे तुझं आहे. परत घे."

"अगं, आधी बस तरी."

"बसायला नाही आले. उद्या त्या चौकशीवाल्यांना सांग, पेपर तू दिलास म्हणून."

"निवृत्तीला चार वर्षं राहिलीत माझी. आणि त्याच्या पाठीवर गुडघा मी ठेवला होता का?"

"नाही," बहीण म्हणाली. "ह्यांनीच ठेवला. ह्यांची बाजू नाही घेत मी. कळल्यापासून एका ताटात जेवले नाहीये. पण दादा, त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

विद्यार्थ्याने घास खाली ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी तो अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला.

"साहेब, सर्टिफिकेटवरची वेळ बघा. अकरा बावन्न. आणि ठाण्याची डायरी बघा. अकरा बावन्नला तो मधल्या खोलीत त्या माणसाच्या पाठीवर होता."

अधिकाऱ्यांनी गुण चार वेळा वाचले होते; वेळ आता पहिल्यांदा वाचली.

"मग पेपर कोण देत होतं?"

"मी. सगळ्यांचे मीच दिलेत."

"सगळ्यांचे? तुमच्या साहेबांचाही?"

"अठ्ठ्याण्णव गुण, साहेब."

"म्हणजे या ठाण्यात प्रशिक्षण झालेला माणूस एकच."

"हो साहेब."

"आणि तो कुठे होता?"

"शेजारच्या खोलीत. मध्ये प्लायवूडची भिंत आहे."

लेखनिकाचं पेन थांबलं. अधिकारी खुर्चीत पुढे सरकले.

"आवाज आला नाही तुम्हाला?"

"नाही साहेब," विद्यार्थी म्हणाला. "कानांवर हेडफोन होते."

जबाबावर त्याने वळणदार सही केली. गुन्ह्याची शिफारस मागे घेतली गेली. जावईबापू पुन्हा अडाणी ठरला आणि सुटला. विद्यार्थी निलंबित झाला. साहेबांना ताकीद मिळाली, ती त्यांनी फाइलला लावली. आणि साऱ्या ठाण्यासाठी नवा अभ्यासक्रम आला: 'परीक्षेतील प्रामाणिकपणा', चार तास. संगणक अजूनही एकच होता. साहेबांनी जावईबापूकडे पाहिलं.

"तुझी बोटं बरी चालतात रे. बस तू."

कारागिराची बायको सामान न्यायला आली. नोंदवहीत लिहिलं होतं, 'चप्पल, एक जोडी'. तिला एक चप्पल दिली आणि जोडीपुढे सही घेतली.

त्या हेडफोनची वायर दोन महिने आधीच तुटली होती; नव्यासाठी केलेला मागणी अर्ज विद्यार्थ्याच्याच अक्षरात आहे.