जोडीदार नसलेली लाल ओळ

जावयानं प्रोग्रॅममधल्या आपल्या बदलाचं पाठवलेलं वर्णन वाचलं आणि ताईच्या कपाळावर आठी पडली. वर्णन फारच चांगलं होतं.

एरवी हा माणूस वर्णन लिहायचा ते कडू औषध घशाखाली ढकलल्यासारखं. 'दुरुस्त केलं.' संपलं. काय दुरुस्त केलं, आधी काय बिघडलं होतं, हे काढून घ्यायला ताईनं त्याच्या मागं लागायचं, मग तो आणखी दीड ओळ ओकायचा. आणि आज? ऐसपैस परिच्छेद, स्वल्पविराम जागच्या जागी. शेवटी ठणठणीत वाक्य : 'ही फक्त साफसफाई आहे. यंत्राच्या वागण्यात कोणताही फरक पडत नाही.'

"विचारलं होतं कुणी?" ताई स्क्रीनला म्हणाली. न विचारता 'मी तिथं नव्हतोच' म्हणणारा माणूस बहुधा तिथंच असतो.

कंपनी दवाखान्यांतल्या तपासणी यंत्रांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायची. तिचा कर्नल, म्हणजे सगळ्यात आतला गाभा, ताईच्या ताब्यात. कुठल्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, ती परत कधी घ्यायची, कुणी कुणाच्या ताटात हात घालायचा नाही, हे सगळं तो गाभा ठरवतो. (जावई 'कर्नलवर काम करतो' हे ऐकून ताईच्या आईनं जिन्यातल्या बायकांना तो फौजेत असल्याचं सांगून टाकलं होतं. अजून कुणी दुरुस्त केलेलं नाही.) गाभ्यात बदल करायचा तर करणाऱ्यानं कारण लिहायचं आणि दुसऱ्या कुणीतरी तपासून खाली आपलं नाव घालायचं. ताईला सगळे चाळणी म्हणत, आधी पाठीमागं, आता तोंडावर. पण चाळणीचं नाव खाली दिसलं की बाकीचे बदल उघडूनही बघत नसत. आळशी लेकाचे.

जावई म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तिनंच शब्द टाकून त्याला इथं चिकटवला होता. घरी तो जावई, म्हणून 'अहो, घ्या ना'. ऑफिसात हाताखालचा, म्हणून 'अरे, हे काय केलंस'. दोघांनाही याची सवय झाली होती. तो अजून नोकरीत कायम झालेला नव्हता. महिनाअखेरीला ठरणार होतं.

ताईनं बदल उघडला. बदलात काढलेल्या ओळी लाल दिसतात, घातलेल्या हिरव्या. सगळं जग हिरवं वाचतं, कारण नवीन काय आलं याचीच माणसाला हौस. ताई आधी लाल वाचायची. घर बदलताना नवीन घरात काय मांडलंय ते बघून चोरी कळत नाही. जुन्या घरातून निघालेलं सगळं पोचलं का ते बघावं लागतं. जावयानं एक अगडबंब फाईल फोडून तिच्या चार केल्या होत्या. शेकडो लाल ओळी, शेकडो हिरव्या. ताई एकेका लाल ओळीला तिचा हिरवा जोडीदार शोधून देत बसली.

जेवणाच्या सुट्टीआधी त्या फाईलमधली एक लाल ओळ एकटी उरली.

ताईनं पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाही. ओळ कुठंच पोचली नव्हती. छोटीशीच ओळ. एका प्रोग्रॅमकडून परत आलेली मेमरी दुसऱ्याला द्यायच्या आधी कोरी करणारी. पाटी पुसणारी. ती नसली तर आधीच्या पोरानं पाटीवर काय गिरवलं ते पुढच्याला आयतं दिसणार; आणि इथं पाटीवर गिरवलेलं असतं ते कुणाच्या रक्तात काय निघालं ते.

तेवढ्यात साहेब आले. साहेब ताईच्या टेबलाशी वर्षातून एकदा यायचे, वाढदिवसाचा केक कापायला बोलवायला.

"काय मॅडम, साफसफाईच आहे ना? एवढं काय चाळताय?"

आपण कोणता बदल चाळतोय, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"सवय वाईट, साहेब."

"घरचाच माणूस आहे की! चाळणीनं घरच्या सुईला भोक दाखवू नये," असं म्हणून साहेब हसले आणि तिनं हसायची वाट बघत राहिले. ती हसली नाही.

ते जातात न जातात तो धाकटीचा फोन.

"ताई, यांचं ते साफसफाईचं काम आज करून टाक ना गं."

"तुला कसं ठाऊक साफसफाईचं?"

"म्हणजे काय? तेच बोलले. हे गेलं की कायम करतो, असं साहेबांनी सांगितलंय म्हणे. ताई, माणूस धड जेवत नाहीये. सही तर करायची आहे तुला!"

"सही तर करायची आहे," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. आता तिला सगळ्यांचाच संशय यायला लागला. जावयाचा, साहेबांचा, आणि ज्या पोरीच्या वेण्या तिनं घातल्या त्या धाकटीचासुद्धा.

जावई ऑफिसच्या जिन्यात फोनवर कुजबुजत होता. तिला पाहताच त्यानं फोन खिशात कोंबला.

"मेमरी कोरी करायची ओळ कुठंय?"

"कुठली? अरे हो... हलवाहलवीत राहून गेली असेल, ताई. घालतो परत."

उत्तर बरं होतं. होतं असं, चांगल्या-चांगल्यांचं होतं. ताईला ते घेऊन वर जाता आलं असतं.

"आणि ती ओळ जागेवर आहे का ते तपासणारी चाचणी? तीही हलवाहलवीत गेली? ती तर दुसऱ्या फोल्डरात होती. तिथं तू कशाला गेला होतास, फिरायला?"

जावई भिंतीला टेकला. चेहऱ्यावरचं उसनं अवसान गळून पडलं.

"यंत्र हळू चालतंय, ताई. पुढच्या आठवड्यात मोठ्या गिऱ्हाईकाला दाखवायचंय. मेमरी कोरी करण्यात वेळ जातो, काढून टाक म्हणाले साहेब. साफसफाईत घाल म्हणाले. वर्णनही त्यांनीच लिहून दिलं."

"ते कळलंच. तुला कुठलं तसलं मराठी येतंय!"

"म्हणाले, ताई घरचीच आहे, तुझा बदल चाळायची नाही."

ताईला साहेबांचा राग आला, पण त्याहून याचा आला. नात्याची दोरी करून तिच्याच गळ्यात अडकवायला निघाला होता हा मेंगळट.

"मी बदल नाकारला तर साहेब दुसऱ्या कुणाची सही घेतील," ती म्हणाली. "म्हणून नाकारत नाही. चल, वर्णन लिही. तुझं तू. खरं."

तो खुर्चीत बसला, ती मागं उभी राहिली. त्यानं लिहिलं : 'काही परिस्थितीत माहिती दिसण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

"ही काय लग्नपत्रिका आहे? कुणाची माहिती?"

"रुग्णांची."

"कुणाला दिसते?"

"त्याच यंत्रावर चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला."

"मग असं लिही ना! आणि शक्यता कुणाची? दिसते की नाही?"

"दिसते."

"कुणी सांगितलं काढायला?"

त्याची बोटं थांबली. "ताई, हे नवं वर्णनही सगळ्यांना जातं. दवाखानेवाल्यांनासुद्धा. परत घेता येत नाही. माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

"धाकटीला काय सांगू?"

"तेही खरंच सांग. सुरुवात कुठूनतरी कर."

त्यानं लिहिलं. यंत्र जलद दिसावं म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून मेमरी कोरी करणारी ओळ आणि तिची चाचणी काढली आहे. एका रुग्णाचा अहवाल दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येईल. मग पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसून राहिला. ताई मागं उभीच होती. त्यानं मान न वळवता बटण दाबलं.

खाली नाव घालायला कुणीही पुढं आलं नाही. एका दवाखान्यातून एका ओळीचा प्रश्न आला : 'आमच्याकडं हे आधीच बसवलंय का?' साहेबांना सगळ्यांदेखत, स्वतःच्या नावानं उत्तर द्यावं लागलं, की नाही, आणि बदल रद्द केला आहे. केबिनचं दार दिवसभर बंद राहिलं.

महिनाअखेरीला जावई कायम झाला नाही. काढूनही टाकलं नाही; टाकलं असतं तर का टाकलं, हे प्रत्येक दवाखान्याला लगेच कळलं असतं. आणखी सहा महिने अधांतरी. धाकटीनं ताईशी बोलणं टाकलं. आईनं मध्ये पडून पाहिलं, तर धाकटी म्हणाली, "तिला माणसं नकोत, ओळी हव्यात."

ताईला ते लागलं. पण आत दुसरंच काहीतरी सलत होतं. एका दुपारी तिनं जावयाला गाठून सरळ विचारलं.

"मी मागं उभी नसते तर ते बटण दाबलं असतंस?"

तो हो म्हणेल असं तिला वाटलं होतं. तसं खोटं बोलला असता तर तिनं त्याचे आधीचे सगळे बदल पुन्हा तपासायला काढले असते, तशी तिची तयारीच होती.



"नाही, ताई. साहेबांचंच वर्णन राहू दिलं असतं."

ताईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग शेजारची खुर्ची पायानं पुढं ढकलली.

"बसा, जावईबापू," ती म्हणाली. "यंत्र खरोखर हळू का चालतंय, ते बघू."