विमलताईची चारचाकी

सदाशिवराव म्हणजे एसटीचा रिटायर फिटर. हात सोन्याचे, पण डोकं हट्टी! बायकोचे, विमलताईचे, गुडघे गेले आणि वावरात जाणं बंद झालं, तेव्हा या गड्यानं जुन्या मोपेडचं इंजिन लावून तिला तीन चाकांची गाडी करून दिली. नेरचा वेल्डर म्हणाला होता, चार चाकं लावा.

"अबे, तीन पायांची तिवई कधी डुगडुगते का?" यानं उलट त्यालाच झापलं.

डुगडुगत नाही, खरं आहे. पण तिवई कधी बांधाच्या चढावर वळते का हो? मागच्या साली विमलताई सीतादहीला निघाली, म्हणजे पहिल्या वेचणीआधी कपाशीला दहीभात दाखवायला. चढावर वळली आणि गाडी कलंडली. मनगट मोडलं ते वाकडंच बसलं. तेव्हापासून सदाशिवराव जेवतानाही तिच्या हाताकडे पाहत नसे.

यंदा कापूस मातीमोल. अर्ध्या गावानं सीतादही सोडून दिली. विमलताईनं मात्र दही विरजलं.

"मी दाखवून येतो," सदाशिवराव म्हणाला.

"घरच्या बाईचं काम हाय ते. पयलं बोंड मीच वेचीन."

"अन् पडली तं?"

"तं पडली! घरात बसून का सोनं होऊन राह्यलं माह्यं?"

तो उठून कामाला लागला. आठ दिवस खपून पुढे एका चाकाऐवजी दोन चाकं रुंद बसवली, बैठक वीतभर खाली आणली. मग स्वतः बसून त्याच बांधावर गाडी आडवी-तिरपी दहादा चालवली. ती हलायची, पण कलंडत नव्हती. तरी त्याचा जीव काही थाऱ्यावर येईना.

पूजेच्या दिवशी मागच्या दांडीला दोर बांधून, तो घट्ट धरून सदाशिवराव गाडीमागे चालला. बांधापाशी विमलताई थांबली.

"अजी, दोर सोडा."

"नाही सोडत."

"मले पडाचं भेव नाही जी. पण वर्षभर तुमी माह्या हाताकडे पाह्यलं नाही, जसा मीच गुन्हा केला. थे सोसत नाही मले."

सदाशिवरावाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं तिचं मनगट हातात घेतलं, नीट पाहिलं, अंगठ्यानं चोळलं. मग दोर सोडला.

गाडी घुरघुरत चढली. एक चाक हवेत उचललं गेलं तसे त्यानं डोळे मिटले. उघडले तर विमलताई पलीकडे कपाशीत! बांधाखाली मटकन बसून बुवा लेकरासारखा रडला.

गाडीचा आवाज पुन्हा जवळ आला. बाई बांध उतरून परत आली होती.

"काहून बसले असे? उठा, मागं बसा."

"अवं, तू जा ना, पूजेचा टाइम जाते."

"जाऊ द्या. पयलं बोंड यंदा दोघं मिळून वेचू."

सदाशिवराव उठला, धोतराला डोळे पुसले आणि तिच्या मागे बसला.