पाळी सोडताना काय सांगायचं?

चाकणच्या, पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपचा शिफ्ट इन्चार्ज मुकुंद याला दोन दिवस एका कागदाने छळलं होतं. कंपनीने बढतीसाठी नावं काढली होती आणि प्रत्येकाकडून एक ओळ मागवली होती : 'माझे जीवनतत्त्व'. ज्यांना धड झोप मिळू द्यायची नाही त्यांच्याकडूनच तत्त्वज्ञान मागायचं, हा कंपन्यांचा नवा शौक. पण गंमत अशी, की मुकुंदला तो प्रश्न आता खराच पडला होता. आपण आजवर जगलो ते नेमकं कशाच्या जोरावर?

तो दिसेल त्याला विचारत सुटला. बायको अरुंधती म्हणाली, "आधी भाजी आण, मग तत्त्व शोध." दुपारी तीनला पाळी बदलताना त्याने प्रेसवर आलेल्या पूनमला विचारलं. ती हातमोजे चढवत हसली. "दोन हातांनी जगायचं, सर. एक घराला, एक कंपनीला."

मुकुंदही हसला. रजिस्टरमध्ये 'सर्व ठीक' लिहिलं, सही ठोकली आणि बसमध्ये जाऊन बसला.

शेजारी चिमाजीअण्णा होते. माण गावचे, तीस वर्षं प्रेस चालवलेले.

"अण्णा, तुमचं तत्त्व काय?"

"आमाला कुठलं तत्त्व, सायेब? एक सवय हाय. पाळी सोडताना पुढच्या माणसाला पैलं आपलं वंगाळ सांगायचं. काय आपल्या हातनं बिघडलंय ते. चांगलं त्याला दिसतंच की."

"आणि मॅनेजर ओरडला तर?"

"वरडतो आन् घरी जातो. मशीनपुढं त्यो उभा ऱ्हातो व्हय?"

"घरीसुद्धा असंच?"

"घरीबी. सून आली त्याच दिवशी सांगितलं, बाई, माझं डोकं सकाळी फिरलेलं असतंय, च्या झाल्यावर बोल." अण्णा हसले आणि सहज म्हणाले, "तुमी पूनमला काय सांगून आला?"

मुकुंद सीटवरून उठलाच. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर सकाळपासून उगाचच मशीन अडवत होता. माल पाठवायची घाई. मुकुंदने तो बंद करायला लावला होता. नेहमीचंच. आणि लिहिलं काय? सर्व ठीक!

बस हलली होती. तो उडी मारून उतरला, धावत शॉपमध्ये शिरला आणि प्रेस थांबवायचं लाल बटण दाबलं.

"काय सर, सापडलं का तत्त्व?" पूनमने विचारलं.

"सेन्सर बंद आहे. मीच करायला लावला. तुला सांगितलं नाही."

पूनमने हातमोजे काढले. हसली नाही. "चाळीस पीस काढले मी, सर. हात आत घालून."

तेवढ्यात मॅनेजरचा फोन. "प्रेस बंद का? बढती नको वाटतं?"

"नको तर नको, साहेब. दुरुस्त झाल्याशिवाय प्रेस चालणार नाही."

मुकुंदने 'सर्व ठीक' खोडलं आणि खाली लिहिलं : 'सेन्सर मी बंद करायला लावला. चूक माझी.' तीच ओळ त्याने बढतीच्या कागदावरही उतरवली. बढती मिळाली नाही. पूनम मात्र आजही दोन हातांनी घरी जाते.

वाचकहो, आपण सगळेच कुठली ना कुठली पाळी संपवून निघालो आहोत. नद्या फेसाळून, टेकड्या पोखरून ठेवल्या आणि पोरांना तोंड वर करून सांगतो, सर्व ठीक! चांगलं जगायला जाडजूड ग्रंथ लागत नाहीत. आपल्या जागी जो उभा राहणार आहे, त्याला आपण काय बिघडवून ठेवलंय ते सांगा. त्याचा हात जायच्या आत सांगा.