आधीच लावलेली वीज

दोन महिने अंबिका सिरॅमिकची चकती घासत होती. साबुदाण्याएवढी चकती, ती इतकी पातळ करायची की इलेक्ट्रॉन आरपार जावेत. चार फुटल्या, ही पाचवी. परीक्षकांनी तिचा प्रबंध अडवून धरला होता: या पदार्थाला पहिल्यांदा वीज लावली की आतली रचना कशी बदलते, त्याचा व्हिडिओ हवा. मुदत महिनाअखेरची. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर तिचा नंबर आज होता, पुढचा थेट दोन महिन्यांनी.

मी नरहर, तेवीस वर्षं हे यंत्र चालवतोय. पुढच्या महिन्यात निवृत्त होणार, आणि खरं सांगायचं तर पार कंटाळलोय. त्या थंडगार खोलीत बसून गुडघे आखडतात, मग संध्याकाळी घरी जाताना नदीकाठच्या भोसले घाटाच्या पायऱ्या जिवावर येतात.

स्क्रीनवर चित्र आलं. बारीक ठिपके दिसायला हवे होते. दिसत होते सरळ, रुंद पट्टे. वीज लागून गेल्यावर उमटतात तसे.

"काका, गलती माझीच," अंबिका म्हणाली. "घासताना जोर जास्त पडला असेल. माझ्या हातून एक काम ठीकसे होत नाही."

चूक तिची नव्हती. दुपारी ती चहाला गेली तेव्हा मी चकती होल्डरवर बसवली, तारा जोडल्या आणि सवयीप्रमाणे व्होल्टेज देऊन पाहिलं, कुठे शॉर्ट नाही ना म्हणून. धातूच्या सँपलला त्यानं काही होत नाही. हा पदार्थ मात्र एकदा बदलला की वीज काढली तरी परत येत नाही. तापवला तर येतो, पण एवढी पातळ चकती तापवली की तडकते. हे सगळं तिला पहिल्या वर्षी मीच शिकवलं होतं.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. तिची सहा वर्षं वाया गेली असती, एवढंच. मुदतवाढ मिळते, पण चूक यंत्राच्या बाजूची असेल तरच.

ती डोळे पुसत सामान आवरायला लागली. मला स्वतःची लाज वाटली.

"अंबिका, बस. वीज मी लावली. तू चहाला गेली होतीस तेव्हा."

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हे लिहून द्याल?" तिनं विचारलं.

मी यंत्राचं रजिस्टर ओढलं. तेवीस वर्षांत माझ्या नावापुढे एक चूक नव्हती. वेळ, व्होल्टेज, कारण, सगळं लिहून सही केली. तिनं मोबाइलवर फोटो काढला.

"दोन महिन्यांनी मी घरी असेन," मी म्हणालो. "पण तुझी नवी चकती बसवायला येईन."

तिनं पिशवी खांद्याला लावली.

"या काका. पण तारांना हात मी लावीन."

मी बरं म्हणालो.