तासभर आधीचं हसू

धाकटीच्या सुनेचं म्हणणं असं, की पिक्चर भाड्याने घ्यायचे आता दोनच प्रकार उरलेत. एक तर महिन्याचे पैसे भरा आणि त्यात असेल ते बघत बसा. नाहीतर हवा तो एकच पिक्चर भाड्याने घ्या; पण एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तासांत संपवायचा, मग तो आपोआप निघून जातो.

"न्यायला कोणी येत नाही?" धाकटीने विचारलं.

"कोण येणार आई?"

धाकटीला ते चुकल्यासारखं वाटलं. तिच्या वेळी भाड्याच्या पिक्चरला यायला-जायला माणूस लागे. पहिल्यांदा तर अख्खं व्हीसीआरचं यंत्रच भाड्याने यायचं, चादरीत गुंडाळून, बाळंतघरातून बाळ आणावं तसं. दुसऱ्या दिवशी परत द्यायचं म्हणून लोक एका दिवसात चार पिक्चर बघायचे आणि कुठल्यात कोण मेलं यावरून आठवडाभर भांडायचे. मग कॅसेट आल्या. कॅसेटवाल्याचा एकच उपदेश, रिवाइंड करून आणा. आणि मग आल्या सीडी. एक पिक्चर, दोन सीडी. माणसाला वाटावं, दोघींनी वाटून घ्यावा म्हणूनच देवाने तो मधोमध चिरला असेल.

कारण घरात जावा दोन होत्या. थोरली वर, धाकटी खाली, एकाच जिन्याच्या इमारतीत. दर रविवारी दोघी मिळून एकच पिक्चर आणत. दुपारी दोनला थोरली पहिली सीडी लावी. तासाभराने ती संपली की वरच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येई, टोपलीत सीडी. थोरली वर दुसरी बघायला बसे, धाकटी खाली पहिली लावी; तासाभराने दुसरीही तशीच टोपलीतून उतरे. मान थोरलीचा, तेव्हा पहिला घास तिचा.

यात एक खोच होती. थोरलीचं हसणं सात मजली. वर ती हसली की धाकटीला छतातून कळे, तासाभराने आपल्याकडे विनोद येणार. वर नाक शिंकरलं की इकडे रुमाल तयार. शिलाई मशीनवर ब्लाउजला हूक लावताना धाकटी सगळा पिक्चर छतातून आधी ऐके आणि मग डोळ्यांनी बघे. पाच वर्षं तिने दुसऱ्याचं उष्टं हसू हसून घेतलं.

एका रविवारी कॅसेटवाला सीडी घेऊन आला तेव्हा थोरली घरात नव्हती. दोन्ही सीडी धाकटीच्या हातात पडल्या. तिने पहिली स्वतःकडे ठेवली, दुसरी पहिलीच्या पाकिटात घातली आणि थोरली येताच वर पाठवून दिली.

तासाभराने थोरली जिना उतरून आली. शेवट आधी बघायला लावलास, म्हणाली. धाकटी म्हणाली, चुकून झालं. शब्दाला शब्द लागला, त्यात जुन्या भांड्यांपासून साखरपुड्याच्या साडीपर्यंत सगळं निघालं. सकाळी कॅसेटवाला सीडी घेऊन गेला. धाकटीने दुसरी सीडी पाहिली नाही, थोरलीने पहिली सीडी. एक मुलगा आईला न सांगता घर सोडून जातो, इथवर धाकटीला ठाऊक. तो परत येतो हे थोरलीला ठाऊक. पण का गेला, ते नाही.

त्यानंतर अठरा वर्षं दोघींत बोलणं झालं ते "वरच्यांना सांग", "खालच्यांना विचार" एवढंच. थोरली मात्र जिन्यात कोणी भेटलं की खाली ऐकू जाईल अशा आवाजात सांगे, "आम्हाला बाई शेवट माहीत आहे."

आता थोरले दीर राहिले नव्हते. सोमवारी थोरली कायमची लेकीकडे राहायला जाणार होती. आज शनिवार. वर खोकी बांधल्याचे आवाज येत होते. हसण्याचा आवाज तर कधीचाच बंद झालेला.

धाकटीने सुनेला त्या पिक्चरचं नाव सांगितलं. सापडला. सून बाजारात गेली तसा धाकटीने तो सुरू केला आणि आवाज वाढवला. अजून थोडा वाढवला. मुलगा आईशी बोलताना अडखळला, तशी वरची खोकी थांबली. तो गाडीत बसला तोवर जिन्यात पावलं वाजली, एकेका पायरीवर थांबत.

थोरली दारात उभी राहिली. गुडघ्यावर हात, कपाळाला धूळ.

"आवाज कमी कर," ती म्हणाली, "नाहीतर आत तरी बोलाव."

देवापुढे डोळे मिटून माफी मागणं सोपं; समोर जाऊबाई उभ्या असल्या की तेच अवघड. धाकटीने आधी पिक्चर थांबवला.

"जाऊबाई, तेव्हा चुकून नव्हतं झालं. मी मुद्दाम दुसरी पाठवली. एकदा तरी मला आधी हसायचं होतं."

थोरली सोफ्यावर टेकली. "ठाऊक आहे. सीडीवर दोनचा आकडा होता हे काय मला दिसलं नव्हतं? म्हटलं, धाकटीची हौस होऊ दे. म्हणून तीच लावली."

"मग भांडलात कशाला?"

"खाली आले ती तुझी चेष्टा करायला. तू माझ्या तोंडावर 'चुकून' म्हणालीस. ते लागलं."

 थोरलीने पडद्यावरच्या थांबलेल्या गाडीकडे बोट केलं, म्हणाली, सुरुवातीपासून लाव, तो पोरगा घर का सोडतो ते मला अजून कळलेलं नाही.

धाकटीने लावला. मध्यावर आल्यावर सवयीने तिची पावलं गॅलरीकडे वळली, तशी थोरली म्हणाली, "बस खाली, टोपली आणायला निघालीस की काय?" आणि हसली. तेच सात मजली हसू. पण या वेळी छतातून नाही, शेजारून. धाकटीही तिच्याबरोबरच हसली, एका क्षणाचंही अंतर न ठेवता.

पिक्चर संपत आला. मुलगा परतला, दाराशी उभा राहिला, कडी वाजवली. थोरलीने धाकटीचा हात धरला.

"आता काय होतं?" धाकटीने विचारलं. "तुम्हाला तर माहीत आहे."

"कुठलं माहीत," थोरली पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "सीडी इथेच अडकली होती. गप्प बस आणि बघ, आई दार उघडते का."