समुद्राकडची बाजू

रेडिओ हे काही तिचं खरं नाव नव्हतं. फिरायला जाणाऱ्या गटानं ते ठेवलं होतं आणि अगदी अचूक ठेवलं होतं. बाई एकदा सुरू झाली की बातम्या, हवामान, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं एका दमात. बँकेत काउंटरवर होती तेव्हा रांगेतली माणसं हळूच शेजारच्या खिडकीकडे सरकायची म्हणे. निवृत्त झाल्यावर ऐकायला कोणी उरलं नाही, म्हणून ती या गटात आली. आणि गंमत बघा, इथे तिला जोडीदारीण कोण मिळाली? तर जिला ऐकूच येत नाही ती!

ती रेडिओच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी टेलरबाई. ऐन चाळिशीत एका तापात तिचे दोन्ही कान गेले. बोलणं शाबूत राहिलं, जरा सपाट, जरा मोठ्यानं, पण शाबूत. समोरच्याचे ओठ बघून ती सगळं समजून घ्यायची, तोंड दिसलं पाहिजे एवढंच. रेडिओचं तोंड कायम चालू, त्यामुळे दोघींचं झकास जमलं. किनाऱ्याच्या रस्त्यावर मागून सायकली येतात, टेलरबाईला घंटी कुठली ऐकू येणार? म्हणून रेडिओ स्वतः रस्त्याच्या बाजूनं चालायची. "तू समुद्राकडच्या बाजूला राहा गं," असं पहिल्याच दिवशी म्हणाली होती. आपल्या या चांगुलपणाची ती स्वतःला अधूनमधून आठवणही करून द्यायची. कोण नाही देत?

मग साथ आली. सगळं बंद झालं आणि मास्क आले. टेलरबाईनं जुन्या सुती चादरी फाडून साऱ्या गटाला मास्क शिवून दिले, कानामागं काचू नये म्हणून मऊ नाडी लावून. म्हणजे बिचारीनं आपल्याच हातानं सगळ्यांची तोंडं झाकली की! पुढे बंधनं सैल झाली, उघड्यावर सहा माणसांना एकत्र चालायची परवानगी मिळाली, पण मास्क मात्र राहिला. आता रेडिओला काही सांगायचं झालं की थांबायचं, फोन काढायचा, चष्मा लावायचा, टाइप करायचं आणि हात लांब करून फोन तिच्यासमोर धरायचा. टेलरबाई वाचून हसेपर्यंत रेडिओच्या गोष्टीतला जीवच निघून जायचा. दोनचार फेऱ्यांतच ती मेटाकुटीला आली.

त्या रविवारी किनाऱ्यावरची मोठी सहल होती. गटाचा म्होरक्या कप्तान, शाळेतला निवृत्त कवायत मास्तर. उभ्या आयुष्यात बोटीत पाय ठेवला नव्हता, पण गळ्यात शिट्टी म्हणून कप्तान. त्याच्या हातात काठी होती ती चालायला नव्हे, मापायला. दोन माणसांत काठीभर अंतर दिसलं नाही की शिट्टी! शिवाय औषधांच्या दुकानाचा मालक होता, मागून रमतगमत येणारं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं, आणि या दोघी. झाले सहा.

"तुझ्यासाठी काहीतरी आणलंय," निघतानाच टेलरबाई रेडिओला म्हणाली. "चहाच्या वेळी देते." डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. काय आणलंय हे विचारायला फोन काढावा लागला असता, म्हणून रेडिओनं नुसती मान हलवली.

दीपगृहाच्या अलीकडे ते चहाला थांबले. बाकड्यांना पट्ट्या गुंडाळून बसायची बंदी केलेली, म्हणून सगळे खडकांवर बसले. चहाबाबतही कप्तानचा नियम होता: एका वेळी एकानंच मास्क काढायचा, बाकीच्यांनी तोंड झाकून वाट बघायची. शेवटच्या माणसाला चहा कसा मिळत असेल ते सांगायला नको. औषधवाल्याची पाळी सुरू होती. तो टेलरबाईच्या बरोबर समोर, मास्क खिशात घालून, चवीचवीनं घोट घेत होता. तेवढ्यात कप्तान रेडिओकडे वळला.

"पुढच्या आठवड्यापासून आमची बायको येणार फिरायला. सहाच्या वर एकही माणूस चालत नाही. कोणाला तरी बागेतल्या गटात पाठवावं लागेल. टेलरबाईंना पाठवू का? तुम्ही त्यांच्या जोडीदार, तुम्ही म्हणाल तसं."

बागेतला गट म्हणजे कारंज्याभोवती दोन फेऱ्या मारून बसणाऱ्या म्हाताऱ्यांचा. टेलरबाई दिवसभर मशीनवर वाकलेली असायची, आठवडाभर ती या समुद्रावरच्या फेरीची वाट बघायची, हे रेडिओइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. एक 'नको' म्हटलं असतं तरी विषय संपला असता. कप्तान हट्टी होता, दुष्ट नव्हता.

"पाठवा," रेडिओ म्हणाली. आणि एकदा तोंड उघडल्यावर ती थांबते थोडीच? "खरं सांगू का, दमले हो मी! वाक्यावाक्याला थांबा, टाइप करा. माझं फिरणं राहतं बाजूलाच. नुसतं लोढणं झालंय गळ्यात."

हे बोलताना तिनं टेलरबाईकडे बघून हातसुद्धा हलवला. ऐकू येत नाही, तोंड दिसत नाही, मग काय हरकत आहे? मास्कच्या वर तिचे डोळे हसत होते. माणूस किती निर्धास्तपणे नीच होऊ शकतो बघा.

"लोढणं!" औषधवाल्याला शब्द भलताच आवडला. "लोढणं नेऊन बागेत बांधायचं म्हणता? पण टेलरबाईंना सांगायचं काय? असं करा, गुडघ्यांवर ढकला. म्हणावं, तुमच्या गुडघ्यांना ही चढण झेपत नाही."

आता हा माणूस दुकानात दिवसभर म्हाताऱ्याकोताऱ्यांना गोळ्या समजावणारा. तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर सुटं करून बोलायची त्याला सवय. आणि टेलरबाई समोर बसून त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत होती. सकाळपासून तिला दिसलेलं ते पहिलंच तोंड होतं. हे ना कप्तानच्या लक्षात आलं, ना रेडिओच्या.

टेलरबाईची पाळी आली तेव्हा तिनं चहा नको म्हणून हात हलवला. मग पिशवीतून कागदाची पुडी काढली, दोघींच्या मधल्या खडकावर ठेवली आणि मागे सरली. रेडिओनं पुडी उघडली. आत एक मास्क होता, फिकट निळ्या कापडाचा. मधोमध तोंडाच्या जागी कापड कापून स्वच्छ प्लॅस्टिकची खिडकी बसवलेली, कडेनं बारीक, एकसारखी टीप.

"घाल," टेलरबाई म्हणाली.

रेडिओनं पाठ फिरवून मास्क बदलला आणि पुन्हा तिच्याकडे वळली. इतक्या महिन्यांनी तिचं तोंड दिसायला लागलं.

"आता बोल. मघाशी बोललीस ते. माझ्याकडे बघून."

रेडिओला वाटलं, नसेल समजलं हिला, सहजच विचारत असेल. ती ओठ ठळक हलवत म्हणाली, "मी म्हणाले, चहा गार झालाय."

"मग लोढणं कोणाला म्हणाली होतीस? चहाला?"

औषधवाला कपात बघायला लागला. कपात काहीच नव्हतं. कप्ताननं उगाचच काठी पुसायला घेतली. रेडिओचा चेहरा गोरामोरा झाला. नवी खिडकी होती ना, सगळं दिसत होतं.

"तुला," ती म्हणाली.

पण भीतीनं तिचा श्वास असा काही वाढला होता की प्लॅस्टिकवर वाफ धरली. टेलरबाईनं डोळे बारीक केले. "दिसलं नाही. परत सांग."

शरमेची गोष्ट एकदा बोलतानाच नाकीनऊ येतात, हिला ती दोनदा बोलावी लागली. रेडिओ उठली, सगळ्यांपासून लांब कठड्यापाशी जाऊन उभी राहिली आणि मास्क काढला. वारा थेट तोंडावर येत होता. "तुला म्हणाले. तुला लोढणं म्हणाले. आणि बागेत पाठवा म्हणाले." पुढे 'चुकलं गं माझं' असंही म्हणाली, पण एव्हाना रडू फुटलं होतं, आणि रडणाऱ्या माणसाचे ओठ काही वाचता येत नाहीत.

टेलरबाई म्हणाली, "माझे गुडघे चांगले आहेत." हे तिनं आधी औषधवाल्याकडे बघून म्हटलं. पुढचं रेडिओला. "तू मला समुद्राकडची बाजू द्यायचीस. आणि मी तुझं तोंड बघत चालायचे. समुद्र सगळा पाठीशी. दर वेळी घरी गेल्यावर आमची सून विचारायची, आज पाणी कसं होतं, भरती होती का? मला सांगता यायचं नाही. तू बोलत होतीस ना. मला वाटायचं, जाऊ दे, मैत्रीण आहे. समुद्र काय पळून जातोय?"

जोडपं एकमेकांच्या बुटांकडे बघत होतं.

"कप्तान," रेडिओनं डोळे पुसून पुन्हा मास्क लावला, "बागेत मी जाते. हिला इथेच राहू दे." टेलरबाईला ते खिडकीतून दिसलं असावं. अगं नको, वेडी का तू, असं ती म्हणेल, अशी रेडिओच्या मनात कुठेतरी आशा होतीच. खोटं कशाला बोला!

"बरं," टेलरबाई म्हणाली आणि पिशवी खांद्याला अडकवून परतीच्या वाटेला लागली.

कप्ताननं शिट्टी तोंडाकडे नेली आणि वाजवली नाही. टेलरबाई पुढे एकटीच चालली होती, कठड्याच्या कडेनं, मान पूर्ण समुद्राकडे वळवून. रेडिओ सगळ्यांच्या मागे होती. एवढ्यात मागून सायकलची घंटी वाजली. "अगं सांभाळ!" ती ओरडली. किती वर्षांची मैत्री, आणि ओरडते आहे बघा! मग ती धावली. धापा टाकत टेलरबाईला गाठलं आणि काठीभर अंतर ठेवून तिच्या रस्त्याकडच्या बाजूला झाली. सायकल दोघींना वळसा घालून निघून गेली.

टेलरबाईला बाजूला कोणीतरी आल्याचं जाणवलं असणार, पण तिनं मान वळवली नाही. समोर पाणी चढत होतं, खालचे खडक एकेक करून बुडत होते आणि ती ते बघत होती. सांगण्यासारखं रेडिओच्या ओठांवर खूप काही होतं, खिडकीही आता स्वच्छ होती. गावात शिरेपर्यंत ती काही बोलली नाही.